खांडीची हाळी

"आजी, थांब गो! खरं नाय ते!" नमिता ओरडली. पण इंदुबाई उंबऱ्याबाहेर पडलीसुद्धा.

"खांड पडली रे! बांध फुटला!"

इंदुबाईने अंगणातूनच हाळी घातली. धरमतरच्या खाडीकाठी ही हाळी कुणी थट्टेनेही घालत नसे. हाळी आली की जेवता माणूस ताटावरून उठे. घरटी एक जण, हातात घमेलं, चिखल भरायला. खरं का, कुठं, असं विचारायचं नाही. विचारत बसलं की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग कैक वर्षं भात नाही.

चूक नमिताची होती. घरी बसून ती कंपनीसाठी गेम बनवत होती, आणि त्यात तिने गावचाच बांध उभा केला होता. कालपर्यंत त्यातलं पाणी म्हणजे नुसतं निळं कापड. आज तिने नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, फिजिक्स इफेक्ट चालू केले, आणि पाण्यात जीव आला. थेंब थेंबाला रेटू लागला. बांधाचा पायथा आधी ओलावला, मग पाझरला, मग ढेकूळ ढेकूळ सुटत गेला. काल ड्रोनने टिपलेला खरा बांध आजीने याच पडद्यावर पाहिला होता. त्यात आज अमावस्येचं उधाण. तिला हेही खरंच वाटलं.

आता गाव धावत येणार. भर दुपारच्या उन्हात नमिता आजीमागे अंगणात येऊन शब्द जुळवू लागली. काका, माफ करा. काकी, खेळ होता तो.

"गुणाजी! गिरजे! अरे, या रे कुणीतरी!" आजीचा आवाज चिरकला.

हाळी वाऱ्यावर गेली, वाऱ्यावरच विरली. एकही दार उघडलं नाही. कुठल्याशा घरात टीव्हीवर माणसं हसली. बऱ्याच वेळाने शेजारचा काळुराम काठी टेकत आला. एकटाच.

"काका, बांध फुटला नाय. कॉम्प्युटरवरचा खेळ होता."

"बरा झाला गो, पोरी." म्हाताऱ्याला धाप लागली होती. "समदी पोरं कंपनीत, शिफ्टला. मी आपला उठेपर्यंत..."

इंदुबाई खाडीकडे बघत होती. उधाण बांधाच्या माथ्याशी आलं होतं. तिने नातीचा हात गच्च धरला, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

"खरा फुटेल तवा कुणाला हाक मारू गो?"