देवघरातली फिल्म

या, असे जवळ सरका. लातूरच्या एका बरणीची गोष्ट आहे. लहानशीच, पदराला बांधून नेता येईल एवढी.

चांदपाशाच्या फोटो स्टुडिओत, अंधाऱ्या खोलीच्या पडद्याकडं डोळे लावून गुरुलिंग सर उभे होते. शिकवणीत पोरांना फिजिक्स शिकवणारा माणूस, आज स्वतः परीक्षेला बसलेला. मागं बाकावर त्यांची बायको गुरम्मा, पदराचं टोक दातात धरून.

सरांनी माळवदावरच्या खोलीत बरणी मांडली होती. जड पाण्यात तार बुडवायची, वीज सोडायची. आत थंडच्या थंड अणूला अणू मिळतो आणि पाणी विजेच्या हिशेबाहून जास्त तापतं, असं त्यांचं म्हणणं. भूकंपात भिंत तडकली, बरणी शाबूत राहिली. तेव्हापासून तर त्यांचा विश्वास दुणावला. पण विष्णुपुरीच्या कॉलेजातले प्राध्यापक हसले. "अणू मिळाले असते तर किरण सुटले असते, मास्तर, आणि तुम्ही अंथरुणाला खिळला असता. तुम्ही तर ठणठणीत! खरं असेल तर फिल्म काळी करून दाखवा."

तेव्हापासून पोरं त्यांना 'बरणीबाबा' म्हणत. शिकवणीच्या मालकांनी दोन तुकड्या काढून घेतल्या. आणि गुरम्मा रोज पहाटे निजलेल्या नवऱ्याच्या नाकापुढं हात धरून श्वास बघे.

म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेल्या एक्स-रेच्या दोन फिल्मा. एक नंबर पंधरा दिवस बरणीला टेकवून. दोन नंबर, ताडून बघायला, घरातल्या सगळ्यात लांबच्या, कुणी हात लावणार नाही अशा जागी: देवघरात.

पडदा हलला. "काळी आली सर! लई काळी!"

चांदपाशानं ओली फिल्म दिव्यापुढं धरली. काळ्याभोर अंगावर आडवे तीन पांढरे पट्टे.

"बरणीची?" सर पुढं सरकले.

"न्हाई. दोन नंबर. एक नंबर काचेसारखी कोरी हाय." मग हळूच म्हणाला, "नंबर माझ्याच हातचे हायत सर. दोनाचा एक करायला कितीसा वेळ? लोकं लई थट्टा करायलेत तुमची."

सरांनी फिल्म हातात घेतली. तीन पट्टे! विष्णुपुरीवाले महिनाभर डोकं खाजवत बसले असते. पण देवघरात किरण आले कुठून? त्यांनी पट्ट्यांवर आपली तीन बोटं धरली. जाड पडली. मग मागं वळून पाहिलं.

"मीच उघडली," गुरम्मा म्हणाली. "नवी वस्तू देवापुढं, अन् इबूत न लावता कशी ठिवू? कागदाला लावून काय उपेग? आतल्या जिनसाला तीन बोटं वढली, पुन्यांदा गुंडाळली." मग घाबरत, "अवं, पर ती दुसरी कोरी, म्हंजी तुमाला काय न्हाई झालं न्हवं?"

"काय न्हाई झालं."

कितीतरी दिवसांनी ती हसली.

सरांनी पेन मागितला. विष्णुपुरीला पाठवायच्या पाकिटावर लिहिलं: 'एक नंबर, बरणीजवळची: कोरी. दोन नंबर, देवघरातली: काळी, विभूतीखाली तेवढी पांढरी. कारण: उजेड आणि माझी बायको.' खाली सही, पूर्ण नावानं.

"आता बरणी फोडता का काय?" चांदपाशानं विचारलं.

"फोडायला काय झालं? पाणी तापतंय कशानं, ते कुठं कळलंय अजून?"

तर मायबाप, उद्या सकाळी कपाळाला तीन बोटं ओढाल, तेव्हा गुरुलिंग सरांची तेवढी आठवण असू द्या.