काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मासा

घाटंजीच्या बेबीताईनं वर्षभर एकच नाद धरला होता. रोज सकाळी पाण्याच्या टाक्यात तोंड बुडवायचं आणि जीव कासावीस होईस्तोवर वर काढायचं नाही. बाईचं डोकं फिरलं, असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या. म्हणेनात का! “समुद्रातले मासे पाहाले जाऊन राह्यली मी,” एवढंच ती सांगायची.

आज कोकणच्या समुद्रात, प्रवाळाच्या खडकापाशी बोट थांबली. तिनं नाव घेऊन मागितलेला गाइड तिच्या पाठीला हवेचं सिलिंडर बांधत होता.

“काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मासा दाखवजा मले.”

“तुम्हाला कसा माहीत, मावशी?”

“पोराच्या मोबाइलमधी पाह्यला. मांगच्या दिवाळीत आलता तो इथं.”

“मग या वेळी त्याला का नाही आणलंत?”

“त्याच्याचसाठी आली मी.”

गाइड हसला. “बरं, खाली काहीही झालं तरी माझा हात सोडायचा नाही हां.”

बेबीताईनं त्याचं मनगट धरलं. जन्मभर कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेला हात तो, गाइड कळवळला.

“मी नाही सोडत, बापा,” नळी तोंडात घालण्याआधी ती म्हणाली. “माह्या पिंटूचा तुम्ही सोडलता.”