पहिल्या सुईचा मान

सयाजीला सुईपर्यंत पोचवायला मुरारीने खालूबाजा बोलावला होता.

आंबेनळी घाटाच्या अंगाची वाडी. शाळेची पडवी, पडवीत एक निळी प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीशेजारी अनुपमा सिस्टर मांडीवर डबा घेऊन बसलेली. करोनाची लस घ्यायला अख्खी वाडी जमली होती आणि अख्खी वाडी दुसऱ्या नंबरला उभी होती. पहिला कोणीच नव्हता.

"ढोल बंद करा," सिस्टर म्हणाली. "लस आहे ही."

"म्हनून तर," मुरारी म्हणाला. "वाडीतलं कुठलंबी काम असूं दे, पैला मान सयाजीदादाचा. होळी त्यानं पेटवायची, पालखीला पैला खांदा त्याचा. आमच्या आज्यानं भांडून बघितलं, बापानं बघितलं, मी तर शिमग्यात डोकं फोडून घेतलं. पंच म्हनले, नाय, सयाजीच." त्याने सयाजीला हात जोडले. "आता आमी पंचांच्या पुढं जानार नाय."

मुरारी इतका नम्र वाडीने कधी पाहिला नव्हता.

सयाजी धुतलेला सदरा घालून आला होता. बोटाला मुंबईच्या पोराने पाठवलेलं ऑक्सिजनचं यंत्र, कानावर विडीसारखा थर्मामीटर. घरातून निघताना त्याने म्हशीचासुद्धा निरोप घेतला होता.

"सिस्टर, सकाळपासनं माझा डावा पाय गरम लागतोय."

"ताप आहे का?"

"हाय. पन फक्त पायाला."

सिस्टरने त्याला पाय उन्हातून सावलीत घ्यायला सांगितलं. पाय बरा झाला.

"आनि छातीत धडधडतंय."

"तो ढोल आहे, काका."

ढोल थांबला. धडधड थांबली नाही.

"ही घेतली का मानूस जातो म्हनं?"

"जातो. अर्धा तास बसून घरी जातो."

सयाजी जवळ सरकला. आवाज एकदम खाली आला. "खरं सांगा सिस्टर. मी मेलो तर मान कोनाला जाईल?"

"ते आमच्याकडे नसतं," सिस्टर म्हणाली.

खालच्या रस्त्यावरून जीपवाल्याने हॉर्न दिला. सिस्टरने डब्याचं झाकण लावलं. "मला पुढची वाडी करायचीय. कोणीतरी बसा, नाहीतर मी उठते."

सयाजीने यंत्रातला आकडा वाचला, मग खुर्चीकडे बघितलं, मग परत आकडा वाचला. मान एकदा सोडला की परत येत नाही, हे पडवीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

"आजच्या दिवस," तो म्हणाला, "मान मुरारीला."

मुरारीच्या घराण्याने ज्यासाठी तीन पिढ्या डोकी फोडून घेतली, ते आज एका खुर्चीवर ठेवून त्याच्यापुढे सरकवलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सिस्टरने सुई हातात घेतली आणि ते आटलं.

"आमाला नाय चालत," तो म्हणाला. "आमच्यात सुतक हाय."

"कोन गेला?" सयाजीने विचारलं.

मुरारीने आपल्या भावकीवरून एकदा नजर फिरवली. त्यातला सगळ्यात म्हातारा घाईघाईने खांबामागे सरकला.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सयाजीची बायको बनुबाई पदर खोचत पुढे आली.

"अवो, बसायचं तर बसा, नायतर सरका. माझं पापड उन्हात पडलेत. कावळं वाट बघत नाय कुनाची."

कोणी काही बोलायच्या आत ती खुर्चीवर बसली आणि बाही वर केली. सिस्टरने सुई टोचली.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग बाजा कशाला आनला व्हता?"

सिस्टरने तिला बाजूच्या बाकावर अर्धा तास बसवलं. वाडी तिच्याभोवती गोल करून उभी राहिली आणि ती मरायची वाट बघू लागली. प्रेमानेच, पण वाट बघू लागली. सयाजीने स्वतःच्या बोटाचं यंत्र काढून तिच्या बोटाला लावलं. आकडा आपल्यापेक्षा दोनने जास्त बघून तो जरा दुखावला. बनुबाईने जांभई दिली. त्यावर पाच जण मागे सरले.

अर्धा तास झाला. ती मेली नाही.

सयाजीने टोपी सारखी केली आणि खुर्चीला हात घातला. "चला, आता मी."

मुरारीने खुर्चीचा दुसरा हात धरला. "थांब. पैला तुमच्या घरात गेला, आता दुसरा आमचा."

"तुज्यात सुतक हाय!"

"फिटलं."

दोघे खुर्ची ओढू लागले. सिस्टर म्हणाली, खुर्ची शाळेची आहे. कोणी ऐकलं नाही. मागून एकाने बाजा परत सुरू केला.

"अरे, पन दुसऱ्याचं काय घेऊन बसलात?" खांबामागचा म्हातारा म्हणाला. "पैला कुनी घेतला बघा की."

बाजा थांबला. दोघांनी खुर्ची सोडली नाही, पण ओढायची थांबवली. सगळ्या माना पडवीच्या पायऱ्यांकडे वळल्या.

बनुबाई एका हाताने दंडावरचा कापूस दाबून, पायाने चप्पल शोधत होती. ती सापडली तशी तिने वर बघितलं.

"येत्या होळीला लाकडं सुकी आना रे," ती म्हणाली. "गेल्या साली ह्यांची पेटता पेटत नव्हती."