मधलं अंगण

“इथे घर थांबतं आणि निसर्ग आत येतो,” सौमित्र त्याचं घर नमुना म्हणून बघायला आलेल्या गिऱ्हाईक जोडप्याला सांगत होता. जपानला जाऊन आल्यापासून ह्या आर्किटेक्टच्या डोक्यात हेच खूळ होतं. नाशिकच्या चिमुकल्या प्लॉटवर त्यानं स्वतःचं घर बांधलं: इकडे झोपायची खोली, तिकडे स्वयंपाकघर, मधे उघडं अंगण.

त्याची बायको ऋजुता खोकणाऱ्या बाळाला शालीत गुंडाळून ऐकत होती. पहाटेच्या गारठ्यात दूध गरम करायला तिलाच अंगण ओलांडावं लागे. वर काच घाल म्हटलं, की उत्तर ठरलेलं, “तुला दृष्टीच नाही गं. आकाश गुदमरेल.” आकाश म्हणे गुदमरेल! इथे बाळाची छाती भरलीय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“अस्संच हवंय आम्हाला,” पाहुण्या बाई म्हणाल्या. “फक्त अंगणावर काच घाला हं. सासूबाईंना दमा आहे.”

“घालू की! दोन दिवसांचं तर काम,” सौमित्र लगबगीनं म्हणाला.

ऋजुतानं बाळ त्याच्या हातात दिलं. “मग आधी आमच्याकडे घाला, साहेब. आणि तोवर पहाटेचं दूध तुम्ही तापवून आणायचं.”