समोरचा चेहरा

बाई संशयितांच्या रांगेपुढून सावकाश चालत गेल्या आणि धाकट्यासमोर येऊन थांबल्या. त्यांनी बोट रोखलं.

"हाच."

दाराशी उभ्या असलेल्या मास्तरांनी डोळे मिटून घेतले. धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. बाईंच्या सांगण्यावरून गुन्हेगाराचं चित्र काढलं होतं मास्तरांनीच, आणि चौकीत जाऊन भावाचं नाव सांगितलं होतं तेही मास्तरांनीच.

ते शाळेत चित्रकला शिकवायचे. गुन्हेगाराचा माग लागेना की चौकीतून त्यांना बोलावणं यायचं. या वेळचं प्रकरण औषधाच्या दुकानातलं होतं. कुणीतरी आत घुसला, दुकानदाराच्या डोक्यात लोखंडी गज घातला आणि पसार झाला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं उरकलं. दुकानदार अजून शुद्धीवर नव्हता. पाहणारी एकटी त्याची बायको, म्हणजे याच बाई.

भेदरलेल्या माणसाला काही चेहरा सांगता येत नाही, तो काढून घ्यावा लागतो. मास्तरांची त्यासाठी पद्धत ठरलेली होती. समोरासमोर बसायचं, फळी मांडीवर घ्यायची, कागदावर वाकताना चष्मा नकोसा होई म्हणून तो काढून ठेवायचा. भुवया सरळ होत्या की उतरत्या, असं विचारत पेन्सिल स्वतःच्याच भुवईवरून फिरवायची. हनुवटीचं विचारताना हात स्वतःच्या हनुवटीला. त्या दुपारी सुरुवातीला बाई चाचरत होत्या. मग हळूहळू "हो, अश्शीच" म्हणू लागल्या. चित्र पुरं झालं तेव्हा त्यांना रडूच फुटलं. चौकीतल्या साहेबांनी मास्तरांची पाठ थोपटली.

मास्तरांनी चष्मा लावून चित्र पाहिलं. वडिलांचं रुंद कपाळ, वडिलांचीच हनुवटी. हा तर आपला धाकटा.

त्या दिवसापासून डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला. आईला भलतंच औषध दिल्यावरून धाकटा त्या दुकानदाराच्या अंगावर धावून गेला होता. गुन्हा घडला त्या संध्याकाळी तो उशिरा घरी आला, धड जेवला नाही आणि कुठे होतास म्हटल्यावर उडवाउडवीची उत्तरं दिली. एरवी याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. आता मास्तरांना भावाच्या खोकण्यातही काहीतरी काळंबेरं दिसायला लागलं. तो मोबाइल घेऊन गॅलरीत गेला की हे पडद्याआडून कान लावायचे. आपल्याच घरात चोरासारखं वागताना त्यांना स्वतःची शरम वाटायची, पण कान काही हटायचे नाहीत. शेवटी सहन होईना तेव्हा ते उठले आणि तडक चौकीत गेले. मास्तरांच्या बायकोने तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. धाकट्याला न्यायला शिपाई आले तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही, की हातापाया पडला नाही. "दादा, तुला मी असा वाटलो?" एवढंच म्हणाला.

आणि आता बाईंनी त्यालाच ओळखलं होतं. आपण बरोबर होतो, असं मास्तरांना वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना. बाईंनी थोडं तरी अडखळावं, निदान एकदा तरी शेजारच्या माणसाकडे बघावं, असं त्यांना आतून फार वाटत होतं. साहेब लिहून घेत होते. एकदा बोट ठेवलं गेलं की धाकट्याची कितीतरी वर्षं तुरुंगात जाणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

राहवेना म्हणून मास्तरांनी साहेबांना विचारलं, आपण बाईंशी दोन शब्द बोलू का? साहेबांनी मानेनेच हो म्हटलं.

"बाई, नक्की ना? क्षणभरच दिसला होता तो तुम्हाला."

बाई वैतागल्या. आधीच नवरा तिकडे बेशुद्ध, त्यात ज्याने चित्र काढलं तोच आता शंका काढतोय.

"क्षणभर कसा? अख्खी दुपार हा चेहरा माझ्यासमोर होता. मान खाली घालायचा, मधूनच वर करून माझ्याकडे बघायचा. झोपेतसुद्धा दिसतो मला. विसरेन कशी?"

साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.

मास्तरांचा हात नकळत स्वतःच्याच हनुवटीकडे गेला. बाई खोटं बोलत नव्हत्या. अख्खी दुपार त्यांच्यासमोर बसून मान खाली-वर करणारा माणूस या खोलीतच होता, फक्त रांगेत नव्हता.

ते चष्मा काढून पुढे झाले आणि धाकट्याच्या खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "आता मला नीट बघा."