पिठलं-भात

ओसाका विमानतळावर बॅगेची वाट पाहत उभी असलेली बॅडमिंटनपटू ऊर्जिता दिघे समोरच्या पडद्याकडे बघतच राहिली. पडद्यावर ती स्वतः हमसून हमसून रडत होती आणि दोन ओळखीचे हात तिच्यापुढे सूपचा वाडगा ठेवत होते. हात तिच्या मैत्रिणीचे, अभिनेत्री आश्लेषाचे होते. खाली तयार सूपच्या पाकिटाचं नाव झळकलं.

ते सूप ऊर्जिताने जन्मात चाखलं नव्हतं. रडणं मात्र खरं होतं, आई गेली त्या दिवशीचं. घरात चूल पेटणार नाही म्हणून आश्लेषा पिठलं-भात घेऊन सांगलीला धावली होती आणि तिने स्वतःच्या हाताने भरवलं होतं.

ऊर्जिताने तिथूनच फोन लावला.

"अगं, माझ्या डोळ्यांतल्या कॅमेरा-लेन्सा कायम चालूच असतात, तुला ठाऊक आहे," आश्लेषा म्हणाली. "जाहिरातीतलं बाकीचं संगणक देशाप्रमाणे बदलतो. ब्राझीलमध्ये मी तुला मिठी मारते. आपल्याकडे पिठलंच ठेवलंय, पाकिटातलं."

"त्या दिवशी तरी काढायच्या होत्यास गं!"

"लक्षातच आलं नाही. तुला तसं बघून मला काही सुचत होतं का?"

ऊर्जिता क्षणभर विरघळली. मग तिला आठवलं, पहिला घास भरवण्याआधी आश्लेषाने तिला हाताला धरून कोपऱ्यातून उठवलं होतं.

"इथे खिडकीपाशी बस," ती मायेने म्हणाली होती, "उजेडात."