गालांची सूज

"जेवण नीट जातं का?" डॉक्टर कू यांनी यी-छिंगला विचारलं. उत्तर तिच्या आईने दिलं.

"जातं की. भात खाते, मासे खाते. मीठ मी घालतच नाही."

"झोप?"

"झोपेला काही कमी नाही. उठवावं लागतं."

पंधरा वर्षांची यी-छिंग मास्क लावून खाली बघत बसली होती. सीताफळाच्या बागेतलं काम सोडून आई तिला शाळेतून घेऊन आली होती. फुलांवर पराग लावायचा कुंचला अजून आईच्या सदऱ्याच्या खिशात होता.

डॉक्टर संगणकाच्या पडद्यावरचे आकडे वाचत होते. "लघवीतून पुन्हा प्रथिनं जायला लागलीत. मागच्या महिन्यापेक्षा कितीतरी जास्त. आई, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

"अहो, रोज सकाळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवते. पाणी पिईपर्यंत समोरून हलत नाही."

"मग औषध लागू पडत नाहीये. सोमवारी भरती करा. सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासू आणि पुढचं, जास्त जोराचं औषध सुरू करू. घसा बघू दे. मास्क काढ."

यी-छिंगने मास्क हनुवटीखाली ओढला.

"बघा, बघा!" आई एकदम खुलली. "सूज किती उतरलीय! मागच्या वेळी नुसता वाफवलेला पाव दिसत होती. आम्ही घरात हाकच मारायचो, ए पाव, जेवायला ये!"

यी-छिंगने तोंड उघडलं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले. मास्क नाकावर चढला.

रक्तदाब घ्यायला आलेली परिचारिका श्यू-मान मुलीचं मनगट धरून उभी होती. बावीस वर्षं ती याच विभागात होती. या गोळ्यांनी पोरांचे गाल फुगतात, आणि गोळ्या चालू असेपर्यंत ते तसेच राहतात, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. तिने रक्तदाबाचा आकडा चिठ्ठीवर लिहिला. त्याखाली लिहिलं, 'गाल बघा.' चिठ्ठी तिने डॉक्टरांसमोर सरकवली.

डॉक्टरांनी वाचलं. मग पडदा सोडून त्यांनी मुलीकडे पाहिलं. नीट, बराच वेळ.

"आई, भरतीचे कागद खाली भरावे लागतील," श्यू-मान म्हणाली. "चला, मी दाखवते."

"तिला एकटीला सोडून?"

"मी आहे ना," डॉक्टर म्हणाले.

दार लागलं. डॉक्टरांनी खुर्ची वळवून तिच्यासमोर घेतली.

"बऱ्याच मुलांना या गोळ्या रोज घेणं जमत नाही. तुला किती दिवस जमलं नाही?"



"सव्वीस."

"आई तर समोर उभी असते म्हणे."

"गालात धरायची. बसथांब्यावर थुंकायची." तिने मान वर केली. "पुढच्या आठवड्यात शाळेचा फोटो आहे. शेवटच्या वर्षाचा. वर्गात पण मला पावच म्हणतात."

डॉक्टर हसले नाहीत.

"गाल फुगतील, हे मी सांगितलं होतं ना?"

"आईला सांगितलं होतं. मला नाही."



"खरंय," डॉक्टर म्हणाले. "चुकलं माझं. आता तुला सांगतो. अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. आज रक्त तपासू आणि लगेच पुन्हा सुरू करू. भरती आणि सुई सध्या नको. औषध लागू पडत नाही असं आता मी म्हणू शकत नाही, कारण ते तुझ्या पोटात गेलंच नाही."

"आणि गाल?"

"फुगतील."

"फोटोच्या आधी?"

"आठवड्याभरात फारसं काही दिसत नाही. फोटो चांगला येईल. त्यानंतर फुगतील. लघवी नीट झाली की मात्रा हळूहळू कमी करू, तसे ते उतरतील. चार महिने लागतील. कदाचित पाच."

"पाच महिने!"

"तीन म्हटलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पण खोटं ठरलं असतं."

तिने बोटांवर महिने मोजले. एकदा चुकली, पुन्हा मोजले.

"म्हणजे नव्या शाळेत जाईपर्यंत उतरतील?"

"गोळ्या पोटात गेल्या तर."

"मधे काही वाटलं तर तुम्हाला सांगायचं? म्हणजे... मी?"

"तूच. मी तुलाच विचारणार आहे."

मग तिने मास्क काढून दप्तरात टाकला.

"आईला तुम्ही सांगणार?"

"सांगावं तर लागेल. मी सांगू की तू सांगतेस?"

दार उघडलं. आई अर्धे भरलेले कागद घेऊन आत आली. "डॉक्टर, इथे वजन किती लिहायचं?"

"आई, ते कागद नकोत," यी-छिंग म्हणाली. "तू बस. आणि मधे बोलू नकोस."

आईने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर मुलीकडे बघत होते. आई बसली.

श्यू-मानने बाहेरून दार ओढून घेतलं. आतून मुलीचा आवाज आला, आधी बारीक, मग चढलेला, मग रडवेला. मधे आईचा. मग पुन्हा मुलीचाच, बराच वेळ.

पुढच्या नंबरचे आजोबा काठी टेकत उठले. "काय हो ताई, पोरीचं जास्त आहे का?"

"नाही, आजोबा," श्यू-मान म्हणाली. "ती बोलतेय."